शोध लावण्याआधीचा शोध

बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाचे काम करणारा एखादा कारागीर नारळ सोलण्याचे यंत्र तयार करतो, असे क्षणभर समजू या. जमिनीत रोवलेल्या पहारीवर नारळ दाबून सोडण काढणे हे कष्टाचे आणि हाताला धोक्याचे काम. याच्या यंत्रात दोन दातेरी रूळ परस्परविरुद्ध फिरतात आणि सोडण ओढून काढतात. पाहणारे वाखाणणी करतात. कोणी पेटंट घेण्याचा सल्ला देतो. तो संगणकावर ‘नारळ सोलण्याचे यंत्र’ एवढे शब्द इंग्रजीत घालतो, पाचपंचवीस नावे चाळतो, आपल्यासारखे यंत्र दिसत नाही म्हणून निश्चिंत होतो आणि साचे करावयास टाकतो. त्यासाठीचा पैसा पुष्कळदा घरातील दागिना गहाण ठेवून आणलेला असतो. मग पेटंट कार्यालयाचा परीक्षक एक जुना कागद पुढे ठेवतो आणि सांगतो, हे पूर्वीच कोणी केलेले आहे.

तो कागद कोणी लपवून ठेवलेला नसतो. भारतीय पेटंट कार्यालयाचा ‘इनपास’, युरोपीय कार्यालयाचा ‘एस्पासनेट’, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ‘पेटंटस्कोप’ आणि ‘गूगल पेटंट्स’ हे संग्रह घरबसल्या व विनामूल्य पाहता येतात. एकट्या एस्पासनेटमध्ये पंधरा कोटींहून अधिक कागद आहेत. एवढ्या राशीत हवा तो कागद हाती लागत नाही, त्याचे कारण बहुधा शब्द हेच असते.

पेटंटचा मसुदा लिहिणारा वकील ‘नारळ’ म्हणेलच असे नाही. हक्काचे कुंपण होईल तितके रुंद असावे म्हणून तो ‘तंतुमय कवचाचे फळ’ असे लिहितो. म्हणून आधी आपल्या यंत्राला किती नावांनी हाक मारता येईल त्याची यादी करावी: सोलणे, कवच काढणे, तंतू वेगळे करणे. तरीही यादी अपुरीच पडते. शब्दांची ही अडचण ओळखूनच १९७१ च्या स्ट्रासबुर्ग कराराने आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठरविले गेले. ग्रंथालयात विषयवार क्रमांक असतात तसेच हे. त्यात ‘ए’ हा विभाग मानवी गरजांचा; ‘ए २३ एन’ मध्ये फळे व भाजीपाला यांवर प्रक्रिया करणारी यंत्रे; आणि ‘ए २३ एन ५/०३’ हे घर केवळ नारळाचे! शेजारच्या ‘५/०८’ मध्ये कठीण फळांचे मांसल वा तंतुमय कवच काढणारी यंत्रे येतात. आपला कारागीर या दोन घरांत शिरला, की जपानी वा पोर्तुगीज भाषेतील कागदही त्याच्यापुढे येतात, कारण क्रमांकाला भाषा नसते. क्रमांक ठाऊक नसेल तर जवळचा वाटणारा एक कागद शोधावा. त्याच्या पहिल्याच पानावर तो छापलेला असतो.

सापडलेल्या कागदाचे नाव वाचून थांबू नये. आकृत्या पाहाव्यात, वर्णन वाचावे आणि मग शेवटी दिलेले दावे सावकाश वाचावेत. दुसऱ्याचा हक्क किती, हे दावेच सांगतात. परंतु आपली कल्पना नवी की जुनी, हे ठरविताना वर्णनातील एखादी ओळही आड येऊ शकते. त्या कागदाने कोणते जुने कागद उल्लेखिले आहेत आणि पुढे कोणी त्याचा उल्लेख केला आहे, हा धागा दोन्ही बाजूंनी धरून जावे. कित्येकदा खरी गाठ तिसऱ्या वा चौथ्या कागदाशी पडते.

जुना कागद सापडला म्हणजे सर्व बुडाले असेही नव्हे. पेटंटची मुदत साधारणतः अर्जापासून वीस वर्षांची, आणि ते ज्या देशात दिले असेल त्याच देशापुरते. वार्षिक शुल्क न भरल्यानेही ते रद्द होते. मुदत संपलेल्या पेटंटातील रीत कोणीही वापरावी. रूळ कोणत्या कोनात बसवावेत, ही शिकवणी कारागिराला तेथे फुकट मिळते.

मात्र पेटंटांचे संग्रह म्हणजे सारे ज्ञान नव्हे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरून आणण्याच्या रीतीवर पेटंट दिले गेले. आपल्याकडील प्रत्येक आजीला ठाऊक असलेली ही गोष्ट! पण परदेशातील तोंडी परंपरा तेथील तत्कालीन कायदा पुरावा मानीत नसे. छापील मजकूर हवा होता. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, ग्रंथ व नियतकालिके धुंडाळून बत्तीस संदर्भ पुढे केले. त्यांत १९५३ च्या एका वैद्यकीय नियतकालिकातील निबंधही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. तेव्हा आपल्या कारागिरानेही कृषी महाविद्यालयांचे अहवाल, यंत्रविक्रेत्यांची सूचिपत्रे आणि जुनी मासिके चाळलेली बरी.

आणखी एक अडचण उरते. दाखल झालेला अर्ज साधारणतः अठरा महिने प्रसिद्ध होत नाही. त्या काळात दुसऱ्या कोणाचे तेच यंत्र कार्यालयाच्या कपाटात पडलेले असू शकते आणि ते कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. म्हणून शोधाची तारीख, वापरलेले शब्द आणि वर्गक्रमांक वहीत टिपून ठेवावेत, आणि साच्यांचा पैसा देण्यापूर्वी तोच शोध पुन्हा एकदा घ्यावा.