रेफ्युजीची पुडी

वाशिम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात पाहुण्यांनी अभिनंदन एका वाक्यात उरकलं आणि कोटाच्या खिशातून बियाण्याची रिकामी पुडी काढली. वर छापलेलं वजन १२० ग्रॅम. कास्तकारांच्या पोरांनी लगेच ओळखली. "रेफ्युजी!"

विषय होता संश्लेषी जीवशास्त्र, म्हणजे जनुकं जोडून सजीवांकडून हवं ते करून घेणं; पाहुणे मात्र कपाशीत शिरले.

२००२ साली देशात बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची ही पुडी यायची. ती कडेनं पेरायची, म्हणजे तिथं वाढलेले साधे पतंग बीटीला पुरून उरलेल्या पतंगांशी जुळतात आणि अळीची प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. पाहुण्यांच्या वडिलांनी पुडी गोठ्याच्या वळचणीला खोचली. अळीसाठी पाच तास, म्हणजे पाच ओळी, कोण सोडतो!

गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झालं. २०१७ ला विदर्भात बोंडं फोडली तर दुसऱ्या पिढीच्या बीटीतही अळी. "मधल्या सात वर्षांत आमच्या बांधावर येऊन कोणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि मी तर याच विषयातला," हे सांगताना त्यांचा आवाज चढला.

मग स्वतःचं दुखणं निघालं. पीएचडीच्या काळात त्यांनी जिवाणूत जनुकांची एक जोडणी बसवली होती. काही पिढ्यांत जिवाणू ते ओझं टाकून द्यायचे आणि प्लेटवर नुसत्या पांढऱ्या वसाहती उरायच्या. दोन वर्षं गेली. मार्गदर्शक म्हणाले, "न चाललेलं छापून कुणाचं भलं झालंय?" वही कपाटात गेली. पुढं एका परिषदेत चहाच्या रांगेत दुसऱ्या संस्थेतली एक मुलगी भेटली. तिचीही दोन वर्षं त्याच जोडणीत गेली होती. संस्थेचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण राग अजून ताजा होता.

यशाच्या गोष्टी त्यांनी भरभर सांगितल्या. हिवतापावरच्या औषधाचा कच्चा माल, आर्टेमिसिनिक आम्ल, यीस्टकडून करून घेतल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१३ पर्यंत उत्पादन लिटरमागे २५ ग्रॅमवर गेलं. थोडे रमले ते याच विषयातल्या आयजेम स्पर्धेत. २००४ मध्ये पाच संघांनी सुरू झालेल्या या स्पर्धेत विद्यार्थ्यांना आपलं काम सगळ्यांसाठी खुलं ठेवावं लागतं. पुण्याच्या आयसरची मुलंही त्यात उतरली आहेत. "आम्हाला विशीत हे मिळालं असतं तर…" म्हणत ते पुन्हा त्या चहाच्या रांगेत गेले.

प्राचार्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं जैवतंत्रज्ञानासाठीचं बायोई-३ धोरण मंजूर केलं, या क्षेत्रात पैसा येणार, असं सांगून त्यांनी पोरांकडे एकच मागणं मागितलं: "प्रयोगशाळेत गेलात की न चाललेल्या प्रयोगांची वही उघडी ठेवा. आणि सुटीत गावी आलात की ती पारावर बसून आपल्या वऱ्हाडीत वाचून दाखवा."