श्रमिकाला चौथरा देणारा शिल्पकार

(कामगार कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युरोपातील कोणत्याही जुन्या राजधानीत चौकाचौकांतून उभे असलेले पुतळे मोजले, तर त्यांत घोड्यावर बसलेले राजे आणि तलवार उपसलेले सेनापतीच अधिक भरतात. ज्यांनी त्या राजांचे वाडे बांधले आणि त्या सेनापतींच्या तोफा ओतल्या, त्यांच्या वाट्याला चौथरा आला नाही. ब्राँझ हा महाग धातू. तो कोणाच्या प्रतिमेसाठी खर्ची पडावा, हे त्या त्या समाजातील सत्ता ठरवीत असते. ही वहिवाट ज्याने निर्धाराने मोडली, त्या बेल्जियन शिल्पकार कॉन्स्टन्टिन म्यूनिए (१८३१–१९०५) याच्या कार्याचा विचार आज करावयाचा आहे.

म्यूनिएची कला समजण्यासाठी प्रथम त्याचा देश समजला पाहिजे. इंग्लंडपाठोपाठ युरोप खंडात यंत्रयुग आले ते बेल्जियममध्ये. लीएजजवळच्या सेरँग येथे जॉन कॉकरिल याने १८१७ साली उभारलेला लोखंडाचा कारखाना पुढे खंडातील अग्रगण्य कारखान्यांत गणला गेला. बोरिनाझ आणि शार्लरवा येथील कोळसाखाणींनी त्याच्यासारख्या भट्ट्यांना इंधन पुरविले. पण या वैभवाचा पाया स्वस्त श्रमाचा होता. स्त्रिया आणि मुले खाणीत उतरत होती. मतदानाचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्या मूठभरांपुरता होता. १८६९ साली सेरँगच्या संपकऱ्यांवर सैन्याने हत्यार चालविले, तेव्हा पहिल्या इंटरनॅशनलच्या वतीने खुद्द मार्क्सने त्याचा निषेध करणारे पत्रक लिहिले होते.

म्यूनिएचा जन्म ब्रुसेल्सजवळच्या एटरबेक येथे, गरीब कुटुंबात झाला. ब्रुसेल्सच्या अकादमीत तो शिल्पकला शिकला, पण त्या काळचे गोंडस, पौराणिक, दिवाणखान्याला साजेसे शिल्प त्याच्या मनाला पटेना. गरिबांचे जीवन रंगविणाऱ्या शार्ल द ग्रू या चित्रकाराच्या प्रभावाने त्याने छिन्नी ठेवून कुंचला हाती घेतला आणि आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे चित्रकलेत घालविली. त्यांपैकी पुष्कळशी चित्रे धार्मिक विषयांची आणि मठवासी साधूंची होती. मौन पाळून अंगमेहनत करणाऱ्या त्या साधूंच्या चित्रणात पुढच्या श्रमिकांची पूर्वतयारी दिसते, असे म्हणता येईल.

कलाटणी मिळाली ती १८७८ च्या सुमारास. सेरँगच्या भट्ट्या त्याने पाहिल्या. पुढे बेल्जियमवरील ग्रंथासाठी साहित्यिक कामिय् लमोनिए याच्याबरोबर तो खाणींच्या मुलखात हिंडला. जे दिसले ते रंगांत मावणारे नव्हते. उष्णतेने भाजलेली पाठ, ओझ्याने रुंदावलेले खांदे, विसाव्याच्या क्षणीही न सुटणारी मूठ यांना घनता हवी होती, वजन हवे होते. पन्नाशी उलटल्यावर, १८८५ च्या सुमारास, तो पुन्हा शिल्पाकडे वळला. ज्या वयात माणसे मिळविलेली प्रतिष्ठा सांभाळत बसतात, त्या वयात त्याने नव्याने उमेदवारी पत्करली. याच वर्षी बेल्जियन कामगार पक्षाची स्थापना झाली.

१८८६ च्या मार्चमध्ये पॅरिस कम्यूनच्या स्मृतिदिनी लीएज येथे उसळलेला उद्रेक पाहता पाहता साऱ्या औद्योगिक पट्ट्यात पसरला आणि सैन्याने तो गोळ्या घालून मोडून काढला. त्याच वर्षी पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात म्यूनिएचा ‘घणवाला’ उभा राहिला. वृत्तपत्रांनी ज्याला ‘दंगेखोर’ ठरविले, तोच मनुष्य चामड्याचा अंगरखा लेवून, अवजारावर हात टेकून, कोणाचीही क्षमा न मागता प्रेक्षकांसमोर उभा होता. त्यापाठोपाठ अँटवर्पच्या गोदीतला हमाल आला. कमरेवर हात ठेवून उभे राहण्याची त्याची ढब इटलीतील प्रबोधनकालीन वीरांची आठवण करून देते. कोळशाच्या गाड्या ओढणारी, पुरुषी तुमान घातलेली खाणकामगार तरुणी आली; खाणीत राबून राबून मोडलेला म्हातारा घोडाही आला.

यांतील ‘पडलर’ हे शिल्प अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष न्याहाळण्याजोगे आहे. भट्टीतील वितळलेले लोखंड लांब सळईने घुसळून त्यातील कार्बन घालविणारा हा कामगार. लोखंड केव्हा ‘पिकले’ हे तो नजरेने आणि हाताला लागणाऱ्या जडपणाने ओळखीत असे; ते ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. म्यूनिएने त्याला काम करताना नव्हे, तर बसलेला दाखविला आहे. शरीर खचलेले, तोंड श्वासासाठी उघडे. पण हा थकवा केवळ एका पाळीचा नाही. बेसेमर पद्धतीची पोलादनिर्मिती सेरँगमध्ये १८६० च्या दशकातच सुरू झाली होती आणि पडलरचे कसब निकालात निघू लागले होते. ज्या कसबाची बाजारातील किंमत घसरत चालली होती, त्याला शिल्पकाराने चिरंतन धातूत स्थान दिले. बाजारभाव आणि मूल्य या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे एवढ्या थोडक्यात क्वचितच सांगितले गेले असेल.

१८८७ च्या मार्चमध्ये बोरिनाझमधील क्वारेन्यों येथे खाणीतील ज्वालाग्राही वायूचा स्फोट होऊन शंभरावर कामगार ठार झाले. १८८९ साली साकारलेले ‘स्फोट’ हे शिल्प या अनुभवातून उतरले. ओळीने मांडलेल्या प्रेतांत आईला आपला मुलगा सापडला आहे. ती वाकून पाहते आहे. आक्रोश नाही, आकाशाकडे उंचावलेले हात नाहीत. तो उघडा, कृश देह ख्रिस्ताच्या देहासारखा आहे आणि ती माता मेरीसारखी, परंतु या मृत्यूमागे दैवी योजना नाही, खाणमालकाचा हिशेब आहे. याच क्वारेन्यों गावी १८९४ साली कामगार पक्षाने आपला तत्त्वविषयक जाहीरनामा संमत केला. त्याच वर्षी म्यूनिएवर स्वतःचे दोन तरुण मुलगे गमावण्याचा प्रसंग आला. दुसऱ्याच्या मातेचे दुःख ज्याने आधी घडविले, त्याच्या दारी ते नंतर आले.

म्यूनिएवर समाजवादी टीकाकाराने घ्यावयाचा आक्षेप उघड आहे. त्याचे कामगार संप करीत नाहीत, मूठ उगारीत नाहीत, निशाण धरीत नाहीत. ते सोसतात आणि उभे राहतात. १८९६ साली पॅरिसच्या एका प्रतिष्ठित कलादालनात त्याचे मोठे प्रदर्शन गाजले. तेथील रसिकांना मजूर ब्राँझमध्ये प्रिय होता, मतपेटीजवळ नव्हे. श्रमाचे गौरवीकरण श्रमाच्या मोबदल्याची जागा घेऊ लागले, तर ती फसवणूकच होय. ‘कष्ट हीच पूजा’ असे कष्ट न करणाराच मोठ्या आवडीने सांगत असतो.

हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. बेल्जियममध्ये बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत व खाणींत राबविण्यास आणि एकवीस वर्षांखालील स्त्रियांना खाणीत उतरविण्यास बंदी करणारा कायदा १८८९ साली झाला. पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार १८९३ च्या सार्वत्रिक संपाने मिळाला, तोही श्रीमंतांना आणि शिक्षितांना जादा मते देऊन. हे हक्क संघटनेने मिळविले, पुतळ्यांनी नव्हे. परंतु ज्याला ‘हात’ म्हणून मोजले जाते तो पूर्ण मनुष्य आहे, हे आधी पाहावे लागते. मगच त्याच्या हक्काची भाषा इतरांच्या कानी शिरते. म्यूनिएने ते पाहावयास लावले. त्याचा श्रमिक दयेचा विषय नाही. दया वाटावी असा तो कोठेही वाकत नाही. वाकतो तो कामासाठी किंवा मृतासाठी.

त्याच्या कलाकृतींचे पुढे काय झाले, हेही बोधप्रद आहे. अखेरची अनेक वर्षे तो ‘श्रमाचे स्मारक’ रचीत होता. उद्योग, बंदर, खाण आणि सुगी यांची चार शिल्पपटले, भोवती ब्राँझचे श्रमिक आणि शिरोभागी बी पेरणारा शेतकरी. सरकारने ही शिल्पे विकत घेतली, पण स्मारक ब्रुसेल्सच्या लाकन भागात उभे राहिले ते १९३० साली, शिल्पकाराच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. पॅरिसमधील एमिल झोलाच्या स्मारकासाठी त्याने सहकाऱ्यासह हाती घेतलेले काम १९२४ साली पूर्णत्वाने उभे राहिले आणि १९४२ साली, जर्मन अंमलात, धातूसाठी वितळविण्यात आले. न्यायासाठी उभ्या राहिलेल्या लेखकाच्या प्रतिमेचा शेवट युद्धाच्या मुशीत झाला.

म्यूनिएनंतरही खाणी माणसे गिळत राहिल्या. १९५६ साली मार्सिनेल येथील आगीत २६२ कामगार मेले. त्यांत निम्म्याहून अधिक पोटासाठी आलेले इटालियन होते. वालोनियातील शेवटची कोळसाखाण १९८४ साली बंद झाली. खाणी गेल्या, भट्ट्या विझत गेल्या, भांडवल अधिक नफ्याच्या मुलखात निघून गेले. घणवाला मात्र जागच्या जागी उभा आहे. कामगाराने निर्माण केलेल्या संपत्तीचा मालक कोण, हा प्रश्न त्याने शब्दांत कधी विचारला नाही. तो विचारण्याचे काम त्याने पाहणाऱ्यांवर सोपविले आहे.