तालमीच्या अंगणातला चेंडू : कोल्हापूरच्या हौशी फुटबॉल संघांची कथा
(व्याख्यानाचा मजकूर)



वर्गणीवर चालणारी संस्था किती वर्षे जगते, आणि कशाच्या बळावर जगते, हा प्रश्न ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी मनात येणे स्वाभाविक आहे. हाच प्रश्न आज एका वेगळ्या क्षेत्रात नेऊन पाहावयाचा आहे. पुस्तकांच्या कपाटांपासून फुटबॉलचे मैदान वरवर दूरचे वाटते. परंतु चार माणसांनी एकत्र येऊन, पदरमोड करून, कोणत्याही लाभाविना उभा केलेला हौशी संघ हा ग्रंथालयाचा सख्खा भाऊच म्हटला पाहिजे. दोघांनाही भाड्याची चिंता, दोघांनाही उत्साही चिटणिसाची गरज.

‘हौशी’ हा शब्द मराठीत थोडा अन्याय सोसत आला आहे. हौशी म्हणजे कच्चा, असा अर्थ आपण सहज गृहीत धरतो. इंग्लंडमध्ये १८८५ साली पैसे घेऊन खेळण्यास रीतसर मान्यता मिळाली, तरीही ग्लासगो येथील क्वीन्स पार्क हा १८६७ साली स्थापन झालेला संघ २०१९ पर्यंत हौशीच राहिला. दीडशेहून अधिक वर्षे ज्या संघाच्या खेळाडूंनी खेळण्याचे वेतन घेतले नाही, त्याला कच्चा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

हिंदुस्थानात हा खेळ पलटणींबरोबर आला. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ची, मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ची. दोन्ही प्रारंभी गोऱ्या सैनिकांच्याच. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून आयएफए शील्ड जिंकली तेव्हा देशभर झालेला आनंद केवळ खेळाचा नव्हता. तिगाव-पांढुर्ण्याहून रेल्वेने नागपूरकडे जाणाऱ्याला कामठी ठाऊक असते. तेथील छावणी १८२१ची, आणि विदर्भातील फुटबॉलचे माहेरघर म्हणून त्या गावाचे नाव आजही आदराने घेतले जाते. मुंबईत पुढे हा खेळ गिरण्या, रेल्वे, बँका आणि कारखाने यांच्या आश्रयाने वाढला. खेळाडूला नोकरी मिळाली आणि संघाला खेळाडू.

कोल्हापूरचे मात्र निराळे झाले. तेथे खेळ कंपनीच्या नव्हे, तालमीच्या दारात रुजला.

तालीम म्हणजे मुळात तांबड्या मातीचा हौदा, शेजारी मारुतीचे देऊळ आणि अंगाला माती लावून जोर काढणारी पोरे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. त्यांच्या प्रेरणेने उभे राहिलेले खासबाग मैदान १९१२ पासून मल्लविद्येचे पीठच होऊन बसले. परंतु पेठेतील तालीम ही केवळ कुस्तीची जागा कधीच नव्हती. गणपती तिचा, शिवजयंती तिची, आणि कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही तिचेच. पेठेत लग्न असो वा मयत, माणसे जमतात ती तालमीच्या कट्ट्यावर. अशा घरात फुटबॉल शिरला आणि घरचाच झाला. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने त्याला नियमांची चौकट दिली. छत्रपती घराण्याचा आश्रय या संस्थेला पहिल्यापासून लाभला. संस्थान १९४९ साली विलीन झाले, तरी तो आटला नाही.

संघांची नावे नुसती वाचली तरी या खेळाचे कूळ कळते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. त्यांत नावापुरती इंग्रजी मिरवणारा प्रॅक्टिस क्लबही आहे, आणि गगनबावड्याच्या वाटेवरील फुलेवाडीचे क्रीडा मंडळही. ही यादी गणेशोत्सवाच्या मिरवणुकीची वाटावी, इतकी ती घरगुती आहे.

दिवाळीनंतर शाहू स्टेडियमवर साखळी सामने सुरू होतात. वरिष्ठ गटात सोळा संघ. त्याआधी खेळाडूंची नोंदणी होते, आणि एका तालमीचा खेळाडू दुसरीकडे गेला तर ती बातमी वर्तमानपत्रांत सविस्तर छापून येते. साखळी आटोपली की उन्हाळाभर चषकांच्या स्पर्धा, कधी महापौरांच्या नावे, कधी एखाद्या नेत्याच्या. मुलगा शाळकरी असताना वडीलधाऱ्यांच्या खांद्यावरून सामना पाहतो, पुढे तोच निळा वा पिवळा सदरा अंगात घालतो, गुडघे दुखू लागले की संघाचा व्यवस्थापक होतो आणि शेवटी वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन पेठेत फिरतो. पोटासाठी कोणी दुकानात बसतो, कोणी औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत पाळी करतो. प्रशिक्षणाची वेळ पाळीच्या वेळेवर ठरते. पाळी प्रशिक्षणासाठी बदलत नाही.

या निष्ठेला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, त्या मुलखाला ईर्ष्या म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कोल्हापुरात पेठ हरली की घर हरल्यासारखे वाटते. सामने अर्ध्यावर थांबले, दगड भिरकावले गेले, मैदानावरची भांडणे रस्त्यावर आली, असे प्रसंग तेथे वारंवार घडले आहेत. ज्या भावनेने मैदान भरते, तीच भावना मैदान बंद पाडते. संघटकांनी बंदी आणि दंडाचे उपाय योजले. पण ईर्ष्या वगळून तेवढी निष्ठा ठेवण्याची युक्ती कोणाला सापडलेली दिसत नाही.

तरीही एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली आणि २०१० साली तो संघच मालकांनी बंद केला. पंजाबच्या जेसीटीचा संघ २०११ साली मिटला. गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब २०१६ साली राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. या संघांकडे पैसा होता, प्रशिक्षक होते, विजेतेपदे होती. पाटाकडील वा खंडोबा तालमीकडे यांपैकी फारसे काही नव्हते. परंतु संचालक मंडळाच्या एका ठरावाने त्या बंद पडू शकत नाहीत, कारण त्यांचा मालक कोणी एक नाही.

मग या मातीतून राष्ट्रीय पातळीवर किती खेळाडू गेले, असे कोणी विचारील. निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागानकडून खेळला. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत अनिकेत जाधव देशाच्या संघात होता. ही नावे अभिमानाची खरीच. पण ज्या गावात पोरे गल्लीबोळांत चेंडू लाथाडतच मोठी होतात, त्या गावाच्या मानाने ती थोडी आहेत. अनिकेतला पुढे जाण्यासाठी लहानपणीच पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत जावे लागले. पेठेचा संघ मुलाला प्रेम देतो, प्रेक्षक देतो, भांडायला सोबती देतो. व्यवसाय देऊ शकत नाही.

अलीकडे चित्र पालटू लागले आहे. काही संघ खेळाडूंना मानधन देऊ लागले, बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडूही उतरू लागले, आणि चषकांवरच्या बक्षिसांच्या रकमा वाढल्या. जुन्या जाणत्यांना यात धोका दिसतो, तरुणांना संधी. दोघांचेही म्हणणे खरे आहे. मानधनासाठी लागणारा पैसा वर्गणीतून उभा राहत नाही, तो नेत्यांकडून आणि व्यापाऱ्यांकडून येतो. आणि देणाऱ्याचा हात आखडला की काय होते, ते मुंबई-गोव्याने पाहिलेलेच आहे. म्हणून अनेक तालमींत पावतीपुस्तके अजून छापली जातात, आणि ती घेऊन पेठेत फिरणारा माणूस बहुधा जुना खेळाडूच असतो.