एका चार्जिंगचा पल्ला



विजेच्या स्कूटरचा पल्ला हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने कशाला घ्यावा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. घरोघर जेवण व किराणा पोचविणारी पोरे आमच्याकडे येतात ती पुष्कळदा हीच तक्रार घेऊन, की दुपारी चारलाच बॅटरी बसते. बॅटरी बसली की गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणजे मजुरी बंद.

जाहिरातीतला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर ठरीव वेगाने गाडी चालवून काढलेला असतो. तेथे ना खड्डा, ना चढ. तो खोटा नसतो. मात्र तो रस्त्याचा नव्हे.

खरा चोर वारा आहे. वेग ताशी 40 वरून 60 किलोमीटरवर नेला, की वाऱ्याशी झगडण्यात दर किलोमीटरला सव्वादोन पट वीज जाते. 'इको'चे बटण तरी काय करते? मुठीला लगाम घालते. ज्याची मूठ हलकी, त्याला ते बटण नसले तरी चालते.

मग चढ. माणसासकट 200 किलोची गाडी 100 मीटर उंच चढवायला निदान 55 वॅट-तास वीज हवी. सपाट रस्त्यावर तेवढ्यात सुमारे दोन किलोमीटर होतात. उतारावर मोटर काही वीज परत देते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती घ्यायला जागाच नसते. म्हणून टेकडीवर राहणाऱ्याने सकाळी थोडी जागा शिल्लक ठेवून निघावे. टायरची हवा गाडीवरच्या पट्टीप्रमाणे, टायर गार असताना पाहावी. उन्हातून आल्याबरोबर चार्जर लावू नये, बॅटरी निवू द्यावी.

पोरांना हे सारे समजते. पण फोनवर मिनिटे मोजली जात असताना मूठ हलकी राहायची कशी? घाई मालकाची, आणि तिची वीज पोराच्या खिशातून! म्हणून आमच्या मागण्या दोनच आहेत: 40 च्या वर जावे लागणार नाही अशी वेळ आखा, आणि माल उचलण्याच्या जागी चार्जिंगची सोय द्या. दुसरी मागणी दोन ठिकाणी मान्य झाली आहे. पहिलीसाठी पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा बोलणी करायला बसत आहोत.