सेवा करणारे आणि सेवा घेणारे

'स्वयंसेवक' हा शब्द आपल्या भाषेत आता इतका रुळला आहे की, त्याच्या अर्थाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कोणाची आज्ञा नसता आणि वेतनाची अपेक्षा न ठेवता जो दुसऱ्याचे काम आपण होऊन अंगावर घेतो, तो स्वयंसेवक, असा त्याचा रूढ अर्थ. परंतु या शब्दातून आणखी एक अर्थ निघू शकतो. तो म्हणजे, स्वतःची सेवा स्वतः करणारा. हा दुसरा अर्थ व्याकरणशास्त्र्यांस मान्य होईल की नाही, हा वाद मी बाजूस ठेवतो. आजच्या भाषणात मला दाखवावयाचे आहे ते इतकेच की, पहिल्या अर्थाचे स्वयंसेवक ज्या गावी जातात, तेथे दुसऱ्या अर्थाचे स्वयंसेवक निर्माण झाले नाहीत, तर पहिल्यांचे श्रम बहुतांशी वाया जातात.

शहरातील सुशिक्षित वर्गाने सेवेची परंपरा मोठ्या निष्ठेने चालविली आहे, यात शंका नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच समाजाचे ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणगावात रात्रीच्या शाळा व फिरती वाचनालये चालविली. मुंबईच्या नगरपालिकेतील इंजिनियरची नोकरी सोडून ठक्करबाप्पा या समाजात आले आणि १९२२ मध्ये दाहोद येथे त्यांनी भिल्ल सेवा मंडळ उभारले. पुढे स्वातंत्र्यानंतर, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. या योजनेतील विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावयाचे आणि सात दिवसांच्या एका शिबिरात राहावयाचे, असा नियम आहे. याखेरीज रोटरी, लायन्स यांसारखी मंडळे आणि गल्लोगल्लीची तरुण मंडळे आहेतच. तेव्हा सेवा करणाऱ्यांची आपल्याकडे वाण आहे, असे कोणास म्हणता येणार नाही.

प्रश्न आहे तो सेवा घेणाऱ्यांचा. तो नीट समजावा म्हणून मी श्रोत्यांस सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हसावद या गावाच्या परिसरात घेऊन जातो. जळगावजवळ याच नावाचे रेल्वेचे स्टेशन असलेले एक गाव आहे; ते हे नव्हे. मी म्हणतो ते म्हसावद शहाद्याच्या उत्तरेस, तोरणमाळच्या पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पूर्वी हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. पुढे तो धुळे जिल्ह्यात गेला आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार या स्वतंत्र जिल्ह्यात आहे. दक्षिणेकडे तापी आणि गोमाई यांच्या काठची काळीभोर जमीन, उत्तरेकडे डोंगर. सपाटीवर ऊस, केळी व कापूस यांची बागायत, आणि त्या बागायतीत राबणारे भिल्ल व पावरा मजूर. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे या जिल्ह्यात शंभरांपैकी सुमारे ६९ माणसे आदिवासी होती, आणि साक्षरतेचे प्रमाण शेकडा सुमारे ६४ होते.

अशा मुलखाकडे पाहताच शहरातील सहृदय माणसास प्रथम काय सुचते? कपडे वाटावे, वह्या वाटाव्या, औषधे वाटावी. ही सूचना वाईट नाही. परंतु तीत एक गृहीत दडलेले असते. ते असे की, या लोकांजवळ स्वतःचे असे काही नाही, आणि जे काही व्हावयाचे ते बाहेरून आलेल्या हातांनीच होणार. या परिसराचा इतिहास मात्र निराळीच साक्ष देतो.

१९३८ साली तळोदे तालुक्यात गुलाम महाराज या नावाचे एक आदिवासी सत्पुरुष पुढे आले. त्यांच्या आरतीसाठी दूरदूरच्या पाड्यांवरून हजारोंच्या संख्येने लोक जमू लागले. दारू सोडावी, स्नान करून स्वच्छ राहावे, आणि एकमेकांस भेटताना 'आप' असे म्हणावे, हा त्यांचा उपदेश. 'आप' हे संबोधन वरवर पाहता लहानसे वाटते. परंतु ज्यास जन्मभर कोणी आदराने हाक मारलेली नाही, त्यास आपल्याच शेजाऱ्याने 'आप' म्हणावे, यात केवढे सामर्थ्य आहे, याचा विचार श्रोत्यांनी अवश्य करावा. त्याच वर्षी गुलाम महाराज वारले, तरी त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे नेले. या चळवळीस बाहेरच्या कोणत्याही संस्थेने पैसा पुरविला नव्हता, की प्रचारक धाडले नव्हते.

यानंतर तीन दशके लोटली. कर्जापायी आणि अज्ञानापायी आदिवासींच्या कितीतरी जमिनी हातच्या गेल्या होत्या, आणि जमिनीचे एकेकाळचे धनी सालदार होऊन राबत होते. मे १९७१ मध्ये म्हसावदजवळच्या पाटीलवाडी येथे धान्याच्या प्रश्नावरून भूमिहीन आदिवासी व जमीनमालक यांच्यात संघर्ष उद्भवला. गोळीबार झाला आणि त्यात प्राणहानी झाली. या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला. सर्वोदयाचे कार्यकर्ते येथे आले. मुंबई-पुण्याकडील काही सुशिक्षित तरुण, हातची चांगली नोकरी सोडून, येथे राहावयास आले. ३० जानेवारी १९७२ रोजी, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीस, शहाद्यास भूमिमुक्तीसाठी मोठा मेळावा भरला, आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली.

या बाहेरच्या तरुणांचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते योग्यच आहे. तथापि ते येण्यापूर्वीच येथे एक माणूस काम करीत होता, हे विसरून चालणार नाही. अंबरसिंग सुरतवंती हे त्यांचे नाव. लोक त्यांस अंबरसिंग महाराज म्हणत. स्वतः भिल्ल, सर्वोदय विचाराचे आणि भजनांत रमणारे. भजनासाठी जमलेल्या माणसांपुढेच त्यांनी अन्यायाची गोष्ट काढावी, आणि भजनी मंडळाचे हळूहळू सेवा मंडळ व्हावे, असा त्यांच्या कार्याचा क्रम होता. १९७४ मध्ये, ऐन तारुण्यात, त्यांचा अंत झाला. शहरातून आलेल्या तरुणांस गावोगावची दारे उघडी झाली ती बव्हंशी त्यांच्यामुळे.

पुढे श्रमिक संघटनेने गावोगाव जी तरुण मंडळे उभारली, त्यांचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. मंडळात यावयाचे तर दारूपासून दूर राहावे लागे. रात्री बैठक बसे. तीत मजुरीचा दर, जमिनीचा उतारा, सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे, अशा गोष्टींची चर्चा होई. शिबिरे भरत, पण ती गावकऱ्यांसाठी म्हणून कोणी भरविलेली नसत, गावकऱ्यांचीच असत. स्त्रियांचे शिबिर भरले, तेव्हा त्यांनी जमिनीपेक्षाही आधी दारूचा प्रश्न मांडला. नवरा मजुरी गुत्त्यावर घालवितो आणि घरी येऊन मारतो, असे त्यांनी उघड सांगितले. १९७२-७३ च्या सुमारास या स्त्रियांनी गावोगावच्या गुत्त्यांवर मोर्चे नेऊन दारूची मडकी फोडली. हा कार्यक्रम कोणत्याही पुढाऱ्याच्या टिपणवहीत लिहिलेला नव्हता. सेवा घेणाऱ्यांस बोलू दिले म्हणजे प्रश्नांचा अनुक्रम कसा बदलतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने १९७४ मध्ये केला. त्याच्यामागे अशा जागृतीचे बळ होते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, हे सर्व लढ्याचे झाले. आमची मंडळे साधी समाजसेवा करतात, त्यांचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. साध्या सेवेतही नेमका हाच दोष आड येतो. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले व्हर्दनजवळचे एन नावाचे खेडे पुन्हा उभारावे म्हणून १९२० मध्ये पिएर सेरेझोल या स्विस गृहस्थाने निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक तेथे नेले. त्यांत जर्मनही होते. हेतू अत्यंत शुद्ध. परंतु ज्या जर्मनांच्या तोफांनी घरे पडली, त्यांच्याच देशबांधवांचे हात त्या भूमीस नकोसे वाटले, आणि काही महिन्यांतच काम थांबवावे लागले. याच सेरेझोलांनी १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन राजेंद्रबाबूंच्या साहाय्य समितीबरोबर, गावकऱ्यांच्या बरोबरीने, नवी वस्ती वसविण्याचे काम केले, आणि ते तडीस गेले. हेतू दोन्हीकडे एकच होता. यश आले ते जेथे गावाची संमती व गावाचे हात होते तेथे.

आता व्यवहाराकडे वळू. नंदुरबार जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. आईबापांबरोबर मुलेही जातात, आणि शाळा अर्ध्यावर सुटते. शहरातील विद्यार्थ्यांची शिबिरे बहुधा भरतात ती नाताळच्या आगेमागे, कारण आपणांस तेव्हा सवड असते. म्हणजे ज्या काळात पाड्यावर मुख्यतः वृद्ध माणसेच उरलेली असतात, नेमक्या त्याच काळात आपण ग्रामसुधारणेस जातो! होळी हा सातपुड्याचा सर्वांत मोठा सण. त्यासाठी बाहेर गेलेली माणसे परततात. त्या दिवसांत, किंवा पेरणीपूर्वी, गावास विचारून जाणारे मंडळ थोड्या श्रमांत अधिक काम करील. आणि ऊसतोडीच्या हंगामात काही करावयाचेच असेल, तर मागे राहू इच्छिणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवण्याची व अभ्यासाची सोय करावी. शासनाच्या हंगामी वसतिगृहांची कल्पना हीच आहे. तिला चार विश्वासू स्थानिक तरुणांची जोड मिळाली, तर आईबाप मूल मागे ठेवण्यास धजतील.

दुसरे उदाहरण रोगाचे. या भागातील आदिवासींत सिकलसेल नावाचा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय मोहीम आरंभिली आहे. रक्त तपासण्याचे शिबिर एका दिवसात उरकते. त्याचे छायाचित्रही वर्तमानपत्रात येते. परंतु ज्याच्या रक्तात विकार निघाला, त्याने रोजच्या रोज गोळी घ्यावी, पाणी भरपूर प्यावे, कळा येऊ लागताच दवाखाना गाठावा, हे वर्षानुवर्षे कोण पाहणार? आणि विवाहापूर्वी वधूवरांस, दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारांत एक इतका असतो, हे भिली किंवा पावरी बोलीत, लाज न वाटेल अशा रीतीने, कोण समजावून सांगणार? हे काम पाड्यावरचा तरुणच करू शकतो. शहरच्या मंडळाने त्यास शिकवावे, त्याचा प्रवासखर्च सोसावा, आणि त्याच्या मागे उभे राहावे.

गाव स्वतः उभे राहिले म्हणजे काय होते, हे पाहण्यास दूर जावयास नको. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने, चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली, आपले उजाड झालेले रान स्वतः राखले. कुऱ्हाडबंदीचे नियम गावाने केले, दंडही गावानेच बसविला. २०२५ मध्ये पवार यांस पद्मश्री मिळाली. रान राखणारे मात्र सारे गाव होते, आणि म्हणूनच ते राखले गेले.

खरे पाहता, एकमेकांचे काम एकमेकांनी करावे ही कल्पना खेड्यास शिकविण्याची आवश्यकताच नाही. आपल्या कुणब्यांत इर्जिक आहे. एकाचे शेत नांगरण्यास साऱ्यांनी आपापले बैल घेऊन जावयाचे आणि त्याने त्यांस जेवण द्यावयाचे. नर्मदेच्या पलीकडील भिलालांत 'लाह' आहे, झाबुव्याच्या भिल्लांत 'हलमा' आहे. एखाद्यावर संकट आले, तर त्याने हलमा मागावा आणि साऱ्यांनी धावून जावे. त्यात उपकार करणारा कोणी नसतो, कारण उद्या त्याच्यावरही तीच पाळी येणार असते. शहरी समाजसेवेत नेमका हाच परतफेडीचा संबंध नसतो. देणारा नेहमी देणाराच राहतो आणि घेणारा नेहमी घेणाराच. म्हणून एकास अहंकार जडतो, तर दुसऱ्यास मिंधेपणा.

श्रोत्यांपैकी ज्यांचा एखाद्या सेवामंडळाशी संबंध असेल, किंवा ज्यांची मुले शिबिरास जाण्याच्या तयारीत असतील, त्यांनी निघण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे, अशी माझी विनंती आहे. हे काम हवे असे गावातील कोणी, विशेषतः स्त्रियांनी, सांगितले आहे काय? आपण परत आल्यावर ते चालविणारी माणसे गावात आहेत काय? आणि त्या गावाकडून आपण काय शिकून येणार आहोत? तिसरा प्रश्न शोभेचा नव्हे. डोंगरातील पाणी, रानभाज्या, एकमेकांस सांभाळण्याची रीत, यांविषयी शहरी तरुणास तेथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे; आणि ज्याच्याकडून आपण काही शिकलो, त्यास आपण कधीही दीन समजत नाही. म्हसावदच्या परिसराने गेल्या शतकात आपले कार्यकर्ते आपणच निर्माण केले. अशा लोकांकडे मदतीसाठी जाताना हात रिकामे असले तरी चालतील. मन मात्र ऐकण्यास तयार असले पाहिजे.