कोंबडीच्या दाण्यातला ओवा

पोटात गुबारा धरला की आपण ओवा चावतो. त्यातील थायमॉल जंतुनाशक आहे. म्हणून त्याचा अर्क आता ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात. कारण असे : वाढीसाठी रोज थोडेथोडे प्रतिजैविक चारले, की त्याला दाद न देणारे जंतू तेवढे उरतात आणि पुढे माणसालाही गाठतात. युरोपीय संघाने २००६ साली ही चाल बंद केली. आपल्याकडे कुक्कुटपालनात कोलिस्टिनला २०१९ साली बंदी झाली.

पण अर्क म्हणजे लस नव्हे. ओले तूस, कोंदट शेड, चुकलेली लस यांची भरपाई ओवा कशी करणार? आधी तूस कोरडे ठेवा, राणीखेतची लस वेळेवर द्या. मग अर्काचे बघा. आणि पक्षी आजारी पडलेच, तर पशुवैद्याला विचारूनच औषध द्या.