मोटारीच्या पाठीवरचा उजेड

मोटारीच्या डिकीवरचा कंपनीचा लोगो आतून उजळणे ही सोय मुंबईच्या उपनगरांत दोन वाटांनी आली आहे. काही नव्या गाड्यांवर तो कारखान्यातूनच बसून येतो; बाकीच्यांना अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात एलईडीचा लोगो टेल लाइटच्या वायरला जोडून मिळतो. दिवा दिसायला एकच असला तरी कायदा दोघांकडे एकाच नजरेने पाहत नाही.

मोटारीच्या मागच्या दिव्यांना ठरलेली भाषा आहे. मंद लाल म्हणजे पुढे गाडी आहे, तेज लाल म्हणजे ती ब्रेक लावते आहे, पिवळा म्हणजे वळते आहे, पांढरा म्हणजे मागे येते आहे. जुलैच्या पावसात, रात्री, बोरिवलीहून अंधेरीकडे वेस्टर्न एक्सप्रेस हायवेने येताना काचेवर पाणी वाहत असते आणि पुढच्या गाडीचा आकार दिसतच नाही. दिसतात ते फक्त रंग, आणि चालक त्यांच्यावरच विसंबतो. लोगोच्या उजेडाला या भाषेत काहीच अर्थ नाही. म्हणूनच तो किती आणि कोणत्या रंगाचा असावा हा प्रश्न सजावटीपुरता उरत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ चा गाभा साधा आहे: गाडीच्या पुढे लाल दिवा नको आणि मागे लालखेरीज दुसरा नको. त्याला सवलती आहेत. गाडीच्या आतले दिवे, पिवळा इंडिकेटर, नंबरप्लेट उजळणारा पांढरा दिवा आणि रिव्हर्सचा पांढरा दिवा यांना हे बंधन नाही. २०१७ च्या मे महिन्यापासून मान्यवरांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, तेही याच नियमात बदल करून.

या सवलतींत एक जुनी सवलत लोगोच्या बाबतीत निर्णायक ठरते. बल्ब सात वॅटपेक्षा मोठा नसेल आणि त्यावर दुधी काच किंवा उजेड पसरवणारे दुसरे आवरण असेल, तर रंगाचा नियम त्या दिव्याला लागू होत नाही. ही सवलत तारेच्या बल्बच्या काळातली आहे. वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, उजेडाचे नाही. तारेचा बल्ब एका वॅटमागे साधारण दहा-पंधरा ल्युमेन उजेड देतो. एलईडी शंभराच्या आसपास. म्हणजे सात वॅटचा एलईडी घरातल्या जुन्या साठच्या बल्बइतका प्रकाश टाकू शकतो. दुधी अ‍ॅक्रिलिकमागचा निळा किंवा पांढरा लोगो अक्षरशः वाचल्यास या सवलतीत बसतो, आणि तरीही मागच्या चालकाच्या डोळ्यांवर येतो. ही मर्यादा वॅटऐवजी उजेडाच्या मापात असायला हवी.

कारखान्यातून आलेल्या लोगोची गोष्ट निराळी. गाडी बाजारात येण्यापूर्वी तिच्या नमुन्याला मान्यता घ्यावी लागते. पुण्याची एआरएआय ही अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक. कोणता दिवा कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या रंगाचा, हे एआयएस-००८ या मानकात ठरलेले आहे. युरोपातही रंगाची शिस्त अशीच आहे. फोक्सवॅगनने २०२३ मध्ये टुआरेगच्या मागे उजळणारा लोगो दिला तो लाल. टेल लाइटच्या रंगाशी जुळणारा.

दुकानात बसवलेल्या लोगोला अशी तपासणी नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आरसीतील तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोर वाचले. डिकीवरचा लोगो काही आरसीत नोंदलेला नसतो, त्यामुळे लोगोच्या बाबतीत जास्त महत्त्वाचे ठरते ते २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ. नियमात न बसणारा भाग मागाहून बसवल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी अंधेरीची एमएच ०२ असो, बोरिवलीची एमएच ४७ असो की घाटकोपर-मुलुंडकडची, वडाळ्याला नोंदलेली एमएच ०३, कायदा सगळ्यांना हाच.

जोडणीकडेही लक्ष द्यावे लागते. टेल लाइटची वायर सोलून, वर नुसती टेप गुंडाळून केलेला जोड पावसाळ्यात टिकत नाही. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ओल आत शिरते, आणि शॉर्ट झाल्यावर फ्यूज उडतो तो टेल लाइटचा. लोगोबरोबर गाडीचा खरा मागचा दिवाही विझतो.

बहुतेक गाड्यांवर लोगो नंबरप्लेटच्या थोडा वरच असतो. रात्री पांढऱ्या दिव्याने उजळलेला नंबर पंधरा मीटरवरून वाचता यावा, अशी नियम १०५ ची अपेक्षा आहे. वरचा लोगो त्यापेक्षा तेज असेल तर डोळा लोगोवर स्थिरावतो आणि खालची अक्षरे काळवंडतात. गाडीपासून वीस पावले मागे उभे राहून अंधारात नंबर वाचून पाहिला की हा दोष लगेच ध्यानात येतो.